विषावरचा उतारा आणि खेड्याची वाट



नाशिक रोड या स्टेशनावर प्रथमच उतरणारा प्रवासी थोडा बुचकळ्यांत पडतो. नाशिक म्हणून तो उतरतो; पण गोदावरीचा घाट, पंचवटी, काळारामाचें देऊळ, यांपैकीं कांहींच त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. थळ घाट चढून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग शहराला बाजूस ठेवून पुढें निघून गेला, आणि शहर स्टेशनापासून सुमारें नऊ किलोमीटर दूर राहिलें. तेवढ्या वाटेसाठीं उतारूंना टांगे करावे लागत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें घोड्यांची ट्रामही सुरू झाली होती. मुंबईपासूनचा सारा डोंगराळ मार्ग आगगाडीनें कांहीं तासांत ओलांडावा, आणि उरलेल्या दोन-तीन कोसांचा प्रश्न मात्र ज्याचा त्यानें सोडवावा, असा तो प्रकार होता. स्टेशनाच्या नांवांतील ‘रोड’ हा शब्द म्हणजे त्या अपुऱ्या राहिलेल्या वाटेची कबुलीच आहे.

औषधांच्या इतिहासांतही अशीं ‘रोड’ स्टेशनें पुष्कळ आहेत. प्रयोगशाळेंत औषध सिद्ध होतें, कारखान्यांत कुप्या भरल्या जातात, जिल्ह्याच्या गांवापर्यंत पेट्या येऊन पोंचतात, आणि तेथें वाट संपते. पुढें ज्या झोंपडींत माणूस तडफडत असतो तेथपर्यंत तें औषध वेळेवर जात नाहीं. इतर रोगांत हा विलंब एखादे वेळीं सोसवतो. विषाच्या बाबतींत सोसवत नाहीं, कारण तेथें हिशेब दिवसांचा नसून घटकांचा असतो. म्हणून विषावरचा उतारा खेड्यांत कसा पोंचला, कोठें पोंचला नाहीं, आणि जेथें पोंचला तेथें तो कशामुळें, याचा थोडा इतिहास आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

‘उतारा’ हा आपला शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. शेतकऱ्याला उतारा म्हटलें म्हणजे प्रथम सातबारा आठवतो. घरांतील वडील बाईला तिन्हीसांजेस चवाठ्यावर ठेवावयाचा भाताचा उतारा आठवतो. आणि वैद्याला विष उतरविणारें औषध आठवतें. यांपैकीं दुसरा उतारा गांवांत केव्हांही, विनासायास आणि ओळखीच्या माणसाच्या हातून मिळतो. तिसरा तसा मिळत नाहीं, म्हणूनच माणसें दुसऱ्याकडे धांवतात. मांत्रिकाकडे जाणारा खेडूत अडाणी आहे असें म्हणून आपण मोकळे होतों; पण मांत्रिक हांकेच्या अंतरावर आहे आणि डॉक्टर नाहीं, ही गोष्ट त्या अडाणीपणाहून मोठी आहे.

सध्यां पाश्चात्य देशांत याच प्रश्नाची मोठी चर्चा चालली आहे, ती अफूच्या संबंधानें. अफू, मॉर्फिन, हेरॉइन आणि त्याच कुळांतील नवीं कृत्रिम द्रव्यें यांची मात्रा अधिक झाली म्हणजे माणूस निजतो, आणि त्या निजेंतच त्याचा श्वास मंद होत होत थांबतो. १९६१ च्या सुमारास अमेरिकेंत जॅक फिशमन व मोझेस लेवेनस्टाइन यांनीं नॅलॉक्सोन नांवाचें औषध सिद्ध केलें. १९७१ सालीं तेथील सरकारची त्यास मान्यता मिळाली. मेंदूंतील ज्या जागा अफूनें बळकाविलेल्या असतात त्यांवरून हें औषध तिला हुसकून लावतें, आणि थोड्याच मिनिटांत श्वास परत येऊं लागतो. त्याचा प्रभाव तास-दीड तासांत ओसरतो, म्हणून पुढें रुग्णालय चुकत नाहीं; पण रुग्णालयापर्यंत जिवंत पोंचण्याची सोय तें करतें. इतकें असूनही कित्येक वर्षें तें डॉक्टरांच्या कपाटांतच राहिलें. १९९६ पासून शिकागो शहरांतील एका संस्थेनें तें व्यसनी माणसांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या हातीं देण्यास आरंभ केला. २०१४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अशी शिफारस केली कीं, असा प्रसंग ज्यांच्या डोळ्यांदेखत घडण्याचा संभव आहे त्यांना तें मिळावें व तें कसें द्यावें हें शिकवावें. २०२३ सालीं नाकांत फवारावयाचें नॅलॉक्सोन अमेरिकेंत डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकण्याची परवानगी मिळाली. म्हणजे शोधापासून शेजाऱ्याच्या हातापर्यंत येण्यास या औषधाला साठ वर्षें लागलीं.

अफूची अतिमात्रा ही आपल्याकडेही अपरिचित गोष्ट नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका, त्यांत कोंकण-देशावरच्या खेड्यांतून आलेल्या कितीतरी, कामावर जातांना तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळागोळी’ देत. मूल दिवसभर निजून राही. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या बाईंनीं गिरणी-कामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी केली, तेव्हां त्यांतील बहुतेक सर्वांच्या मुलांना अफू दिली जात असल्याचें त्यांना आढळून आलें. त्या काळीं अफू अधिक झालेल्या माणसास निजूं देऊं नये, हातास धरून चालवीत ठेवावें, कडक कॉफी पाजावी, पोट धुवून काढावें, हे उपाय सांगत. मोठ्या माणसाला चालवितां येईल. तान्ह्या मुलाला कोण चालविणार? आईच्या हातांत विष होतें, उतारा नव्हता. हें विषम वांटप ध्यानांत ठेवून आपण खेड्याकडे वळूं. कारण महाराष्ट्रांतील शेतकऱ्याची ज्या विषांशीं रोजची गांठ पडते, तीं सापाचीं आणि विंचवाचीं होत.

सापाच्या विषावर उतारा शोधण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. १८७२ सालीं जोसेफ फेरर या सरकारी डॉक्टरानें हिंदुस्थानांतील विषारी सापांवर एक मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तोंपर्यंत प्रचारांत असलेलीं अनेक औषधें त्यानें जनावरांवर पारखून पाहिलीं. खरा उतारा म्हणावा असें एकही त्यास आढळलें नाहीं. पुढें १९०४ सालीं लॉडर ब्रंटन, लिओनार्ड रॉजर्स आणि हाच फेरर, या तिघांनीं एक सुटसुटीत उपाय सुचविला. पोटॅशियम पर्मँगनेटचे जांभळे खडे परीक्षानळींत विषाला निकामी करतात, हें ठाऊक होतें. तेव्हां लांकडाची एक बोटभर लांब डबी करावी; तिच्या एका टोंकास लहानसें पातें आणि दुसऱ्या टोंकास हे खडे असावेत; दंशाच्या जागीं चीर पाडून खडे जखमेंत चोळावेत, अशी ती योजना होती. अशा डब्या या देशांत ठिकठिकाणीं वांटण्यांत आल्या.

या योजनेचें वर्णन ऐकून आज हंसूं येईल, पण तें योग्य होणार नाहीं. खेड्यांतला उतारा कसा असावा हें त्या तिघांना अचूक समजलें होतें. तो स्वस्त असावा, उन्हापावसांत न बिघडणारा असावा, खिशांत मावणारा असावा, आणि पाटील, पोलीस, चौकीदार, कोणाच्याही हातून देतां यावा, हें सारें त्या डबींत होतें. उणें एवढेंच होतें कीं, तो उतारा नव्हता. दांतांतून शिरलेलें विष खोल मांसांत आणि रक्तांत पसरून जातें. वरवर चोळलेले खडे त्याच्यापर्यंत पोंचतच नाहींत. पुढील प्रयोगांनीं आणि अनुभवानें तो उपाय निरुपयोगी ठरला, आणि चिरलेली जखम मात्र चिघळत राही. दंशाच्या जागीं ब्लेडनें कापण्याची जी घातक रीत अद्यापि आढळते, तिला त्या काळच्या या शास्त्रीय शिफारशीनेंही बळ दिलें असलें पाहिजे.

खरा उतारा दुसऱ्या वाटेनें आला. फ्रान्समधील आल्बेर काल्मेट यानें १८९४ च्या सुमारास दाखवून दिलें कीं, जनावराला विषाची थोडी थोडी मात्रा टोंचीत गेल्यास त्याच्या रक्तांत विषाला मारणारें द्रव्य उत्पन्न होतें, आणि तें रक्तजल दुसऱ्याला उपयोगी पडतें. आपल्याकडे परळ येथील जुन्या सरकारी वाड्यांत १८९९ पासून प्लेगच्या संशोधनाची प्रयोगशाळा होती. तिलाच १९२५ सालीं हाफकिन यांचें नांव मिळालें. या हाफकिन संस्थेंत पुढें घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविष लस तयार होऊं लागली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चार सापांच्या विषांवर ही एकच लस चालते, त्यामुळें साप कोणता होता याचा निर्णय लागेपर्यंत थांबावें लागत नाहीं. हा उतारा खरा होता, आणि आजही सर्पविषावर तोच एक खरा उतारा आहे.

पण तो दूर राहिला. पातळ स्वरूपांतील लस थंड जागीं ठेवावी लागते. जेथें वीज नाहीं तेथें ती टिकत नाहीं. पुढें ती गोठवून व वाळवून भुकटीच्या रूपांत मिळूं लागली, आणि बर्फाची अडचण बरीचशी दूर झाली. तरीही दुसरी अडचण उरलीच. ही लस शिरेंतून द्यावी लागते. एका रोग्याला आठ-दहा कुप्या, कधीं त्याहून अधिक लागतात. आणि घोड्याच्या रक्ताचा अंश असल्यामुळें कांहीं रोग्यांना एकाएकीं अंगावर गांधी उठून, श्वास कोंडून जिवावरचा प्रसंग येतो. त्या प्रसंगावर अॅड्रिनलिनचें स्वस्त इंजेक्शन हा चांगला इलाज आहे. पण एकटा तरुण डॉक्टर, मध्यरात्र, दिव्याचा भरंवसा नाहीं, दाराशीं जमलेले नातेवाईक, अशा स्थितींत लसीच्या भीतीनें त्याच्या तोंडून एकच वाक्य निघतें : ‘पुढें न्या.’ आणि पुढच्या वाटेंत रोगी दगावतो. कुपी कपाटांत असूनही उतारा दूरच राहतो, तो असा.

याचा परिणाम आंकड्यांत उमटलेला आहे. देशभरच्या मृत्यूंची घरोघर जाऊन जी मोठी पाहणी झाली, तिच्यावरून २००५ या एका वर्षीं भारतांत सर्पदंशानें सुमारें ४५,९०० माणसें मेलीं असा अंदाज निघाला. २००० ते २०१९ या वीस वर्षांसाठीं तो सुमारें १२ लक्ष, म्हणजे वर्षास सरासरी ५८,००० इतका आला. पण या संख्येहूनही मन विषण्ण करणारी गोष्ट पहिल्या पाहणींत आहे. मेलेल्यांपैकीं जवळजवळ सारे खेड्यांतले होते, आणि तीन-चतुर्थांशांहून अधिक माणसें कोणत्याही रुग्णालयांत मेलीं नाहींत. घरांत, वाटेवर, मांत्रिकाच्या ओट्यावर, बैलगाडींत वा जीपगाडींत त्यांनीं प्राण सोडला. उताऱ्यानें त्यांना दगा दिला नाहीं. उताऱ्याची आणि त्यांची भेटच झाली नाहीं.

आतां विंचवाकडे येऊं. कोंकणांतील तांबडा विंचू दिसावयास लहान, पण मोठा भयंकर. भाताचा पेंढा उपसतांना, विटा उचलतांना, अंधारांत जोड्यांत पाय घालतांना तो नांगी मारतो. त्याच्या विषानें मज्जातंतु एकसारखे चेतत राहतात आणि सर्व शरीरांत उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो. प्रथम उलट्या होतात, घामाच्या धारा लागतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात. मग आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध झुंजून हृदय थकतें, फुप्फुसांत पाणी भरतें, आणि तोंडाशीं गुलाबी फेंस येतो. कोंकणांतील रुग्णालयांत आणलेल्या अशा रोग्यांपैकीं दर दहांत सुमारें तीन दगावत, अशी नोंद १९६१ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत डॉ. मुंडले यांनीं केली होती. त्या काळीं वेदना शमविण्यासाठीं व रोगी शांत व्हावा म्हणून जें मिश्रण टोंचीत, त्यांत अफूच्या गोत्रांतील पेथिडिनही असे. त्यानें मृत्यु टळत नसे.

१९७६ सालीं महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत हिंमतराव बावस्कर नांवाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. जालना जिल्ह्यांतील एका लहान खेड्यांत, गरीब घरांत त्यांचा जन्म झालेला. विंचवानें डसलेलीं मुलें त्यांच्यासमोर मरूं लागलीं, आणि पुस्तकांत तर त्यावर फारसें कांहींच नव्हतें. त्यांनीं एक साधी गोष्ट केली : रोग्याच्या खाटेपाशीं बसून प्रत्येक तासाला काय घडतें तें टिपून ठेवलें. मोठीं यंत्रें नव्हतीं. डोळे, नाडी, रक्तदाब मोजण्याचें साधन आणि वही एवढीच सामग्री होती. उलटी, घाम आणि गार हातपाय हीं येणाऱ्या संकटाचीं पूर्वचिन्हें आहेत, हें त्यांनीं ओळखलें. १९८२ सालीं ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकानें तीं निरीक्षणें छापलीं. पुढें त्यांनीं विचार केला कीं, रक्तवाहिन्या आवळल्यामुळें हृदय थकत असेल, तर त्या सैल करणारें औषध द्यावें. आरंभीं त्यांनीं शिरेंतून द्यावयाचें सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलें. तें लागू पडलें. पण थेंबाथेंबावर डोळा ठेवावा लागे, आणि खेड्यांत तें जमण्यासारखें नव्हतें. म्हणून ते प्रॅझोसिनच्या गोळीकडे वळले. ही रक्तदाबावरची गोळी कोठल्याही औषधाच्या दुकानांत अल्प किंमतींत मिळण्यासारखी होती, आणि विंचवाच्या विषानें जेथें घाला घातला तेथेंच ती त्याला अडविते. १९८६ सालीं त्यांनीं हा अनुभवही ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध केला. जेथें दहांपैकीं तीन मरत, तेथें शंभरांत एकाच्या आसपास मृत्यु उरले.

या हकीकतींत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नायट्रोप्रुसाइडपासून प्रॅझोसिनकडे केलेला प्रवास. पहिलें औषधही जीव वांचवीत होतें. एखाद्या शहरी रुग्णालयांतील संशोधक तेथेंच थांबला असता, आणि तें चुकलें असें कोणी म्हटलें नसतें. पण महाडच्या डॉक्टराला प्रश्न निराळा पडला होता : मी येथें नसेन तेव्हां काय? पुढच्या खोऱ्यांतील केंद्रांत काय? जें औषध आपल्यावांचून चालेल, तेंच गांवाचें औषध, ही त्यांची कसोटी होती. पुढें विंचवावरची प्रतिविष लसही निघाली; डॉ. हिंमतराव व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनीं महाड येथेंच ७० रोग्यांवर तुलना करून, लस आणि गोळी दोन्हीं दिलेले रोगी अधिक लवकर बरे होतात, हें २०११ सालीं दाखविलें. स्वतःच्या गोळीचा अभिमान त्यांनीं आड येऊं दिला नाहीं. २०२२ सालीं भारत सरकारनें डॉ. बावस्करांना पद्मश्री दिली.

या तीन कथा शेजारीं मांडल्या म्हणजे एक अर्थ आपोआप निघतो. पर्मँगनेटची डबी जवळची होती, पण खरी नव्हती. प्रतिविष लस खरी होती, पण जवळची झाली नाहीं. प्रॅझोसिनची गोळी खरीही होती आणि जवळचीही. उतारा खरा आहे कीं नाहीं हें प्रयोगशाळा ठरविते. तो जवळचा करणें हें मात्र निराळें काम आहे, आणि तें आपोआप होत नाहीं. त्यासाठीं औषधाचें रूप टिकाऊ व सुटसुटीत असावें लागतें. तें देणारा हात गांवांतला आणि शिकविलेला असावा लागतो. आणि त्या हातावर कायद्यानें व वरिष्ठांनीं विश्वास टाकावा लागतो. यांपैकीं तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मिळ.

‘अशिक्षित माणसाच्या हातीं सुई कशी द्यावी?’ हा आक्षेप नेहमींचा आहे, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. पण त्याचें उत्तरही महाराष्ट्रांतच मिळालेलें आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांत, थोडेंच शिकलेल्या गांवच्याच स्त्रियांना तान्ह्या बाळांची शुश्रूषा शिकविली. जंतुदोष झालेल्या बाळाला जंतुनाशकाचें इंजेक्शनही त्या देऊं लागल्या. १९९९ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हां त्या गांवांतील नवजात बालकांचे मृत्यु निम्म्याहून अधिक कमी झालेले आढळले. सुई धोक्याची असतेच. पण सुई नसणें अधिक धोक्याचें असतें, हें त्या बायांनीं सिद्ध केलें. परदेशांत नॅलॉक्सोन शेजाऱ्याच्या हातीं देण्यास जे लोक कचरत होते, त्यांनाही शेवटीं हेंच पटलें.

२०२४ सालीं भारत सरकारनें सर्पदंशाचे मृत्यु २०३० पर्यंत निम्मे करण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली आहे. नॅलॉक्सोनही आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादींत आहे. तथापि यादींत नांव असणें आणि मध्यरात्रीं हाताशीं कुपी असणें, यांत नाशिक आणि नाशिक रोड यांच्याएवढें तरी अंतर असतेंच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी येथील पाड्यांवर पावसाळ्यांत, ओढे दुथडी वाहत असतां, तें अंतर किती वाढतें हें तेथील माणसांना सांगावें लागत नाहीं. त्या पाड्यांपासून सर्वांत जवळच्या केंद्रांत लस आहे काय, अॅड्रिनलिन आहे काय, प्रॅझोसिनची गोळी आहे काय, आणि तीं देण्यास न भिणारा माणूस रात्रीं तेथें आहे काय, हे चार प्रश्न ग्रामसभेंत वर्षांतून एकदां, पाऊस सुरू होण्यापूर्वीं, विचारले गेले तरी पुष्कळ काम होईल. आणि दंश झाल्यास कापूं नये, चोखूं नये, करकचून बांधूं नये. रोग्याला न चालवितां, दंशाचा अवयव न हलवितां, सरळ रुग्णालयांत न्यावें, एवढें तरी शाळेंतील प्रत्येक मुलाला पाठ असावें.

जातां जातां पुन्हां नाशिक रोडकडे वळतों. या गांवीं १९२८ पासून सरकारी नोटांचा छापखाना आहे. येथें छापलेली नोट किती दूर जाते पाहा. सुरगाण्याच्या शेवटच्या पाड्यावरील आठवड्याच्या बाजारांत, जेथें मोटारही धड जात नाहीं, तेथें म्हातारीच्या कनवटीला ती सांपडते. तिला वाट अडली नाहीं, कारण ती तेथें पोंचली पाहिजे असें सर्वांनाच वाटत होतें. उताऱ्याची कुपी कागदाच्या नोटेहून फारशी जड नाहीं. ती त्याच म्हातारीच्या नातवापर्यंत पोंचली पाहिजे, असें आपणां सर्वांना तितक्याच तीव्रतेनें वाटूं लागेल, तेव्हां ही वाटही अडणार नाहीं.